शॉमबर्गचे मोरेकाका

ओळख झाली ती भांडणातून. २००३ चा मार्च असावा. शिकागोजवळच्या शॉमबर्गला येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. बाहेर बर्फाचे काळपट ढीग वितळत पडले होते आणि मी स्वयंपाकघरात खाली बसून खलबत्त्यात दाण्याचं कूट करत होते. नागपूरहून हौसेनं आणलेला मिक्सर इथल्या विजेवर नुसता कण्हायचा, त्यामुळे बत्त्याला पर्याय नव्हता. तेवढ्यात दार वाजलं. दारात साठीचा एक उंच, सडसडीत गोरा गृहस्थ उभा. पांढराशुभ्र सूट, आत जांभळा शर्ट आणि उजव्या भुवईत मधोमध पांढऱ्या केसांचा एक पट्टा. खालच्या घरात राहतो म्हणाला. मी मनातल्या मनात माफीचं इंग्रजी जुळवायला लागले.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही कुटता ते ठीक आहे. पण तुम्ही पळता."

मला काही कळेना. मग त्यानं दाराच्या चौकटीवर बोटांनी वाजवून दाखवलं. सुरुवातीला मी या लयीत होते, मधे या लयीत आले आणि शेवटी ही अशी सुटले. "खाली बसून मला धाप लागते. एक वेग धरा आणि तोच ठेवा. गुड डे."

आणि गेला! मी बत्ता हातात धरून तशीच उभी. आवाजाची तक्रार मी समजू शकते, पण लयीची? माझ्या सात पिढ्यांत कोणाच्या कुटण्याला कोणी नावं ठेवली नव्हती. मी दार आपटलं आणि मुद्दाम वेडंवाकडं कुटायला बसले. थोड्या वेळानं खालून छताला काठी आपटल्यासारखा आवाज यायला लागला. ठक, ठक, ठक, ठक. एकसारखा. मी तिकडे साफ दुर्लक्ष केलं, आणि कूट संपत आलं तेव्हा लक्षात आलं की माझा हात केव्हाचा त्या ठकठकीबरोबर पडतोय. मी हबकलेच.

संध्याकाळी नितीन, म्हणजे माझा नवरा, ऑफिसातून आल्यावर मी हे सगळं तावातावानं सांगितलं. तो खाली जाऊन टपालपेटीवरचं नाव वाचून आला. जिल मोरेतां. फ्रेंच. "मोरे? मग हे आपल्यातलेच निघाले की!" तो म्हणाला. तेव्हापासून ते मोरेकाका झाले, ते कायमचेच.

मोरेकाकांचं इंग्रजी फ्रेंच चालीवर चालायचं आणि माझं नागपुरी चालीवर, पण आमचं कधी अडलं नाही. त्यांचं बोलणं मी इथे सरळ मराठीतच सांगते. ते बोलायचे मात्र फक्त स्वतःबद्दल. इतका आत्मस्तुतीत रमलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. "माझ्याआधी ड्रमवाला मागे अंधारात बसायचा. मी ड्रम पुढे आणले आणि गाणाऱ्या बायका मागे उभ्या केल्या." "न्यूयॉर्कात माझी गाडी आल्याशिवाय क्लबचं दार उघडत नसत." "रिओमध्ये स्टेडियम भरलं आणि तेवढेच लोक बाहेर उभे." पुढच्या आठवड्यात तीच गोष्ट रोमची व्हायची. कचऱ्याची पिशवी टाकायला जातानाही सूट. का विचारलं तर म्हणायचे, "कोणी ओळखलं तर?"

ओळखणारं कोणी नव्हतंच. कॅरल नावाची त्यांची अमेरिकन बायको आता वारली होती; तिचं माहेर इथलं, म्हणून ते तिच्याबरोबर या गावात आले आणि पुढे कितीतरी वर्षं त्यांनी मॉलमधल्या एका दुकानात स्टिरिओ विकले. घरात ड्रम सोडाच, ढोलकंसुद्धा नव्हतं. नितीननं एकदा कॉम्प्युटरवर शोधून पाहिलं. रेकॉर्डवर माझं नुसतं 'जिल' एवढंच नाव असायचं, असं काका सांगत, आणि जगात जिल हजारो निघाले. काही हाती लागलं नाही. "फेकतात यार," नितीन म्हणाला, "पण मस्त फेकतात." आमच्या सगळ्या मित्रमंडळींत तेच मत पक्कं झालं. शनिवारी जेवायला बोलवायचं, वरणभात-तूप वाढायचं आणि एक तरी थाप ऐकून घ्यायची.

एक गोष्ट मात्र मी बघितली होती. त्यांची बोटं सतत काहीतरी वाजवत असायची. टेबल, ताटाची कड, गुडघा. सगळ्यांना ती लकब वाटायची. एकदा मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि बोलता बोलता ते वाजवायचे थांबले. उजवा हात मांडीवर रिकामा पडला आणि थरथरायला लागला. अंगठा आणि बोट एकमेकांवर, गोळी वळावी तसे. माझ्या थोरल्या काकांना कंपवात होता. मला सांगायची गरज नव्हती.

त्यांनी माझी नजर पाहिली आणि हात कोटाच्या खिशात घातला.

"कामात असला की शहाण्यासारखा वागतो," ते म्हणाले. "रिकामा बसला की नाचतो. कोणाला सांगू नका. ड्रमवाल्याचा हात हलतो असं लोकांना कळलं की संपलं. मला एकदा परत बसायचंय, मॅडम. ड्रमवर, लोकांसमोर, याच शिकागो शहरात. हात आहे तोवर."

याच शहरात का, तेही त्यांनी सांगितलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेला डिस्कोचा अचानक राग आला. इथेच, शिकागोत, लोकांनी रेकॉर्डी गोळा करून पेटवल्या. "मी टीव्हीसमोर बसलो होतो. माझ्या रेकॉर्डीचं कव्हर जळताना दिसलं मला. आधी तोंड जळालं, मग ड्रम." त्यानंतर फोन वाजायचा बंद झाला. मी तेव्हा ऐकून घेतलं. हात खरा होता, बाकीचं खरं असेल असं मात्र मला वाटलं नाही. पण ही इच्छा त्या दिवसापासून माझ्या मनावर बसली. हात आधी जातो की बोलावणं आधी येतं, एवढाच प्रश्न होता.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या मंडळानं गणपतीसाठी ढोलपथक काढलं. चामड्याचे ढोल परवडेनात, म्हणून निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांना पानं चढवली होती. बंद पडलेल्या एका दुकानामागच्या पार्किंग लॉटमध्ये रविवारी सकाळी प्रॅक्टिस चालायची. नितीन ढोल घेऊन जिना उतरत होता तेव्हा काकांनी दार उघडून त्यावर एक टिचकी मारली आणि सरळ गाडीत येऊन बसले.

पथकप्रमुख होता प्रमोद कुलकर्णी. पुण्याचा. ऑफिसात तो गरीब गाय, पण पथकात शिस्तीचा राक्षस. काकांनी आल्या आल्या आपली ओळख करून दिली, स्टेडियमसकट. प्रमोदनं शांतपणे ऐकलं आणि त्यांच्या हातात झांज दिली.

"काका, इथे रूल आहे. फर्स्ट इयर सगळे झांज. नो एक्सेप्शन."

काका चिडतील, झांज फेकतील, असं मला वाटलं. त्यांनी झांजेकडे पाहिलं, दोन्ही हातांत घट्ट धरली आणि रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. दोन्ही हात कामात. मला कारण कळलं.

पण वाजवायचे उलटं! ढोल पडला की झांज पडली पाहिजे, एवढं सोपं काम. काकांची झांज ढोलाबरोबर कधी पडायची नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत पडायची आणि पडल्याबरोबर गप्प व्हायची. च्स. च्स. प्रमोद ओरडून ओरडून दमला. "नो नो काका! ऑन द बीट! मधे नाही!" काका मान डोलवायचे आणि पुन्हा मधे. पोरं हसायची. एक वर्ष झालं, दुसरा गणपती आला, बाकीचे सगळे ढोलावर गेले. काका झांजेवरच राहिले, कारण प्रमोदच्या मते ते नापास झाले होते.

त्या वर्षी मंडळानं प्रमुख पाहुणे म्हणून मुंबईहून हळदणकरांना बोलावलं. हळदणकर म्हणजे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वर्षानुवर्षं ताल सांभाळलेला माणूस, मुलीकडे इलिनॉयला आलेला. शाळेच्या हॉलमध्ये आरती झाली, त्यांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि पथकानं सलामी सुरू केली. हळदणकर पहिल्या रांगेत डोळे मिटून ऐकत होते. एकाएकी त्यांनी डोळे उघडले आणि हात वर केला.

"थांबा. ती झांज कोण वाजवतंय?"

प्रमोदचा चेहरा पडला. "सॉरी सर, ते शिकाऊ आहेत. सांगून सांगून थकलो. फॉरेनर आहेत ना."

"फॉरेनर इथे आपण आहोत," हळदणकर म्हणाले आणि शाल सावरत ढोलांच्या रांगांमधून मागे निघाले. काकांसमोर उभे राहून त्यांनी त्या भुवईकडे बघितलं. "जिल?" ते म्हणाले. मग नारळ माझ्या हातात कोंबून ते सरळ खाली वाकले, पायांवर हात ठेवायला. काकांना वाटलं यांचं काहीतरी पडलंय, म्हणून तेही शोधायला वाकले आणि दोघांची डोकी आपटली. दोनशे माणसांच्या हॉलमध्ये कोणी हसलं नाही.

हळदणकरांनी माईक मागून घेतला. "मंडळी, लहानपणी गणपतीपुढे ज्या गाण्यांवर तुम्ही नाचलात ना, त्यातल्या निम्म्यांचा ठेका या माणसाचा. स्टुडिओत प्रोड्यूसर रेकॉर्ड आणून द्यायचे, म्हणायचे, हळदणकर, हे असं पाहिजे. कव्हरवर हा. ड्रम पुढे, बाया मागे. दोन ठोक्यांच्या मधे ही च्स वाजवायला शिकताना माझी मनगटं सुजली होती. आयुष्यभर यांची नक्कल करून मी पोट भरलं. आणि तुम्ही यांना..." त्यांनी माईक खाली ठेवला.

मी प्रमोदकडे पाहिलं. तो खुर्चीत बसला होता आणि स्वतःशीच पुटपुटत होता, "मी यांना झांज दिली. मी यांना नापास केलं." दर शनिवारी ज्याला वरणभातावर थापा मारायला बोलवत होतो, त्याचं काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं.

सगळ्यात जास्त हादरले होते ते काका. हळदणकरांचं बोलणं नितीननं त्यांना इंग्रजीत सांगितलं. "भारतात?" त्यांनी विचारलं. "मी भारतात कधी गेलोच नाही." त्यांच्या इतक्या बढायांमध्ये भारत कुठेच नव्हता. मग ते माझ्याकडे वळले. "खरंच नाचायचे? कोण?" मी त्यांना माझ्या धाकट्या मावशीची वरात सांगितली. सीताबर्डीच्या रस्त्यावर बँड, डोक्यावर गॅसबत्त्या धरलेल्या बायका, आणि माझे आजोबा. कडक हेडमास्तर, ज्यांच्यासमोर कोणी मोठ्यानं श्वास घ्यायचं नाही. त्या दिवशी बँडनं त्याच ठेक्याचं गाणं धरलं आणि आजोबांनी टोपी उडवली आणि नाचले. "पाय कसे टाकायचे?" काकांनी विचारलं. मी नऊवारी नेसले होते, तशीच नाचून दाखवलं. काका शाळेच्या पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. थोड्या वेळानं उजवा हात त्यांनी सवयीनं खिशात घातला. मीही रडले. खोटं कशाला सांगू?

घरी येऊन नितीन पुन्हा कॉम्प्युटरवर बसला. हळदणकरांनी रेकॉर्डीची नावं दिली होती, त्यामुळे या वेळी सापडलं. पांढऱ्या सुटातले काका, मागे माणसांचा समुद्र. रिओचा फोटो होता. रोमचाही होता. आणखी तीन शहरांचे होते, ज्यांचा त्यांनी कधी उल्लेखही केला नव्हता.

"वैशाली," नितीन म्हणाला, "हे फेकत नव्हते यार. हे कमी सांगत होते."

दिवाळीच्या कार्यक्रमात काकांचा ड्रम ठेवायचा असं मंडळानं लगेच ठरवून टाकलं. काकांनी नाही म्हणून सांगितलं. "तुम्ही मला प्रेमानं ऐकाल. प्रेम मला पुष्कळ मिळालं, वरणभात मिळाला. मला हे शहर नाचायला हवंय." आम्ही हिरमुसलो, पण मला ते पटलं.

नितीननं इंटरनेटवरच्या एका गप्पांच्या पानावर लिहून टाकलं होतं की जिल आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एका दुपारी टोन्या आली. शिकागोच्या दक्षिण भागातली काळी बाई, पस्तिशीची, क्लबांमध्ये रेकॉर्डी लावणं हा तिचा धंदा. हातात खोकं. मी तेव्हा खाली काकांकडेच होते. दार काकांनी उघडलं. खोकं खाली ठेवून तिनं एकेक रेकॉर्ड काढली. सगळ्या त्यांच्याच, कडा झिजलेल्या, काही चिकटपट्टीनं जोडलेल्या.

"जळल्या नाहीत?" काकांनी विचारलं.

"आमच्याकडे कोणी जाळल्या नाहीत," टोन्या म्हणाली. "आमच्याकडे त्या कधी थांबल्याच नाहीत. गोदामांत, तळघरांत, दर आठवड्याला. माझी आई नाचली, मी नाचले. आमचं सगळं संगीत यातूनच निघालं."

ज्या शहरानं आपल्याला फेकून दिलं म्हणून ते वीसेक वर्षं मॉलमध्ये स्टिरिओ विकत बसले, तेच शहर तासाभराच्या अंतरावर दर आठवड्याला त्यांच्या ठेक्यावर नाचत होतं. काका भडकले. ते टेबलावर मूठ आपटून ओरडले, "आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"आम्हाला वाटलं, तुम्ही मेलात," टोन्या म्हणाली.

त्यावर ते इतके हसले की मला पाणी आणावं लागलं.

टोन्यानं दोन वर्षं खटपट केली. २००८ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या तळ्याकाठच्या एका बागेत, उघड्यावर, सर्वांना मोफत असा कार्यक्रम ठरला. तोवर थरथर वाढली होती. आता कामात असतानाही हात मधेच जड व्हायचा. काकांना डॉक्टरकडे मीच न्यायची, कारण बाकी कोणाला माहीत नव्हतं. ड्रम ठेवायला प्रमोदनं आपलं तळघर रिकामं करून दिलं होतं. तो रोज जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून ऐकायचा. "अर्धा तास," काका गाडीत मला म्हणाले. "एवढा विश्वास आहे माझा या हातावर. त्यापुढे तो त्याचा मालक."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आमचं अख्खं पथक गेलं होतं. एवढी गर्दी मी अमेरिकेत पाहिली नव्हती. काळे, गोरे, मेक्सिकन, पोरं खांद्यावर घेतलेले बाप, चाकाच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या. काका पांढऱ्या सुटात आले, ड्रमवर बसले आणि कोणाकडे न बघता सुरू झाले. काय सांगू! ते वाजवणं म्हणजे घरात टेबलावर चालायचं त्यातलं काहीच नव्हतं. जमीन खालून ढकलतेय असं वाटत होतं. सगळं मैदान एकदम उचललं गेलं. प्रमोद नाचत होता, ज्याला मी लग्नातसुद्धा पाय हलवताना पाहिलं नव्हतं. नितीन माझा दंड धरून काहीतरी ओरडत होता.

मी नाचले नाही. मी फक्त उजव्या हाताकडे बघत होते. पकड सैल झालेली मला दिसली. ड्रमची काडी सुटली आणि उडाली. लोकांना ती अदा वाटली, त्यांनी जल्लोष केला. काकांनी दुसरी घेतली. थोड्या वेळानं तीही गेली. तिसरी ते घेतील आणि मग सगळ्यांसमोर फजिती होईल, या भीतीनं मी डोळे मिटले. उघडले तेव्हा टोन्यानं आणलेला दुसरा वादक ड्रमवर बसला होता आणि ठेका तसाच चालू होता. काका उठून पुढे, अगदी मंचाच्या कडेला आले होते. दोन्ही हात बाजूला सोडलेले. उजवा थडथड हलत होता, कोपरापर्यंत. हजारो माणसांसमोर. खिसा होता, पण त्यांनी हात खिशात घातला नाही.

त्याच सप्टेंबरात ते फ्रान्सला बहिणीकडे गेले. वर्षअखेरीस तिचाच फोन आला, की ते झोपेत गेले.

मला ते दिसतात ते त्या संध्याकाळी, निघतानाचे. त्यांना उघड्या छोट्या गाडीत बसवून गर्दीतून हळूहळू बाहेर नेत होते. दमून त्यांनी मान मागे टाकली होती, डोळे मिटले होते. उजवा हात गाडीच्या कडेवर ठेवलेला, आणि तो थांबत नव्हता. लोकांना वाटलं, ते सगळ्यांचा निरोप घेताहेत. आधी पुढच्यांनी हात हलवले, मग मागच्यांनी, मग पार तळ्यापर्यंत सगळ्यांनी. त्यांनी डोळे उघडून ते बघितलं आणि हात तसाच राहू दिला. मीही माझा हात वर केला.